ग्रॅम, मोल, अणू : आधी विचारा, कशाचे?

अकरावीच्या रसायनशास्त्रात पहिली ठेच मोलपाशी लागते. आमच्या भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये हे दर वर्षी दिसतं. टाउनशिपमधल्या शाळा चांगल्या, सिव्हिक सेंटरकडे कोचिंगचे वर्ग, घरात कुणी ना कुणी पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरी केलेलं, आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची चर्चा आठवी-नववीपासून कानांवर. तरीही दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवलेली मुलगी ‘आठ ग्रॅम ऑक्सिजन वायूत अणू किती?’ या प्रश्नाला निम्मं उत्तर लिहून येते.

तिला भागाकार येत नाही असं मुळीच नाही. ती सूत्र पाठ करून गेलेली असते: ग्रॅमना रेणुवस्तुमानानं भागा, ॲव्होगॅड्रो अंकानं गुणा. आठ भागिले बत्तीस, पाव मोल. पाव मोल गुणिले 6.022 × 10²³, म्हणजे सुमारे 1.5 × 10²³. आकडेमोड बिनचूक आहे, पण ही संख्या रेणूंची आहे. ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूत दोन अणू असतात आणि प्रश्न अणूंचा होता. उत्तर 3 × 10²³ यायला हवं होतं.

म्हणून या लेखात मी सूत्र देणार नाही, एक सवय सांगणार आहे. वहीत आकडा लिहिला की त्याच्यापुढे एकक लिहायचं आणि एककापुढे ते कशाचं आहे तेही लिहायचं. ‘0.25 मोल’ एवढ्यावर थांबायचं नाही, ‘0.25 मोल ऑक्सिजनचे रेणू’ असं पूर्ण लिहायचं. तसं लिहिलं असतं तर पुढच्या ओळीत तिला आपोआप सुचलं असतं: ‘0.25 मोल रेणू, प्रत्येकात दोन अणू, म्हणून 0.5 मोल अणू’. दोन-तीन शब्द जास्त लिहावे लागतात एवढंच. मुलं कंटाळा करतात, ‘सर, वेळ जातो’ म्हणतात. वेळ जात नाही. एरवी जाणारे गुण मात्र वाचतात.

आता मोल म्हणजे काय ते नीट पाहू. मोल हे मोजणीचं माप आहे. हार्डवेअरच्या दुकानात खिळे कुणी एकेक मोजून देत नाही, तोलून देतात. एका खिळ्याचं वजन माहीत असलं की किलोभरात किती नग आले ते सांगता येतं. रसायनशास्त्रातही अणू मोजायचे तर तोलूनच मोजावे लागतात. फरक एवढाच की अणू इतका हलका आहे की नगांची संख्या प्रचंड येते, आणि त्या संख्येचा एक ठरावीक गठ्ठा करून घेतला आहे. तो गठ्ठा म्हणजे मोल. 20 मे 2019 पासून जगभर त्याची व्याख्या अशी आहे: एक मोल म्हणजे बरोबर 6.02214076 × 10²³ कण. ते कण अणू असोत, रेणू असोत, आयन असोत की इलेक्ट्रॉन. कोणते ते सांगणं आपलं काम.

त्याआधी व्याख्या वेगळी होती: कार्बन-12 च्या 12 ग्रॅममध्ये जितके अणू, तितके कण म्हणजे एक मोल. ही जुनी व्याख्या विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावी, कारण एक महत्त्वाची गोष्ट तिच्यातूनच कळते. लोहाच्या एका अणूचं वस्तुमान सुमारे 56 डाल्टन असतं आणि लोहाच्या एक मोल अणूंचं वस्तुमान 56 ग्रॅम असतं. आकडा तोच, फक्त एकक बदललं. हा योगायोग नाही. हे जुळावं म्हणूनच गठ्ठ्याचा आकार तसा ठरवला गेला. त्यामुळे पुस्तकाच्या मागे छापलेला अणुवस्तुमानांचा तक्ता हाच तुमचा ‘एका मोलला किती ग्रॅम’ सांगणारा तक्ता आहे. हायड्रोजन 1, कार्बन 12, नायट्रोजन 14, ऑक्सिजन 16, सोडियम 23, सिलिकॉन 28, गंधक 32, क्लोरीन 35.5, पोटॅशियम 39, कॅल्शियम 40, लोह 56. एवढे अकरा पाठ असले तरी वर्षभराचं बरंच काम भागतं.

ज्यांच्या नावानं 6.022 × 10²³ हा अंक ओळखला जातो त्या ॲव्होगॅड्रोंना तो आकडा कधीच ठाऊक नव्हता. इटलीतल्या या शास्त्रज्ञांनी 1811 मध्ये एवढंच मांडलं होतं की सारख्या तापमानाला आणि सारख्या दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते. ते 1856 मध्ये वारले. रेणूच्या आकाराचा पहिला विश्वसनीय अंदाज 1865 मध्ये व्हिएन्नात लोश्मिट यांनी केला आणि अंकाला ॲव्होगॅड्रोंचं नाव 1909 मध्ये फ्रान्सच्या ज्याँ पेरँ यांनी दिलं. म्हणजे कल्पना आणि आकडा यांच्यात जवळपास शंभर वर्षं गेली. तुम्हाला ती कल्पना पचायला दोन आठवडे लागले तर त्यात कमीपणा मानू नका.

आता प्रत्यक्ष रूपांतर. ग्रॅमवरून थेट अणूंवर उडी मारायची नाही, मध्ये मोलवर थांबायचंच. 14 ग्रॅम लोह घ्या.

14 ग्रॅम लोह × (1 मोल लोह ÷ 56 ग्रॅम लोह) = 0.25 मोल लोहाचे अणू

0.25 मोल लोहाचे अणू × (6.022 × 10²³ अणू ÷ 1 मोल) = 1.5 × 10²³ लोहाचे अणू

गुणायचं की भागायचं हा प्रश्न इथे उरत नाही. कंसातला अपूर्णांक असा ठेवायचा की नको असलेलं एकक वरखाली कटेल आणि हवं असलेलं उरेल. पहिल्या ओळीत ‘ग्रॅम लोह’ वर आहे आणि खाली आहे. ते गेलं, मोल उरले. अपूर्णांक चुकून उलटा लिहिलात तर उत्तराचं एकक ‘ग्रॅमचा वर्ग भागिले मोल’ असं काहीतरी विचित्र येतं आणि चूक तिथेच पकडली जाते. अणूंवरून ग्रॅमकडे जातानाही हेच, फक्त क्रम उलटा: अणूंना 6.022 × 10²³ नं भागून मोल, मोलना अणुवस्तुमानानं गुणून ग्रॅम. काही क्लासमध्ये यासाठी त्रिकोण काढून देतात, वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं की सूत्र मिळतं. माझ्या मते तो त्रिकोण मुलांचं नुकसान करतो. ‘कशाचे’ हा प्रश्न तो विचारतच नाही.

उत्तर आल्यावर एक नजर टाकायची. हाताला लागेल एवढ्या, म्हणजे एखाद्या ग्रॅमपासून शे-दोनशे ग्रॅमपर्यंतच्या पदार्थात अणूंची संख्या साधारण 10²¹ ते 10²⁵ च्या दरम्यान येते. तुमचं उत्तर 10⁻²³ आलं असेल तर गुणायच्या जागी भागलं आहे. उलट, एका अणूचं वस्तुमान विचारलं तर उत्तर अतिशय लहानच यायला हवं: लोहासाठी 56 ÷ (6.022 × 10²³), म्हणजे 9.3 × 10⁻²³ ग्रॅम.

आमच्या गावात याची मोठी उदाहरणं रोज तयार होतात. भारतीय रेल्वेचे रूळ कित्येक दशकं भिलाईच्या कारखान्यातून जात आहेत. मुख्य मार्गांवर सध्या वापरतात तो रूळ मीटरला 60 किलो भरतो. रुळाच्या पोलादात कार्बन साधारण 0.6 ते 0.8 टक्के असतो, आपण 0.7 धरू. मँगनीज वगैरे इतर धातू थोडे असतात, ते सोपेपणासाठी सोडून देऊ आणि उरलेलं सगळं लोह मानू.

एक मीटर रुळात कार्बन किती? 60,000 ग्रॅमचे 0.7 टक्के, म्हणजे 420 ग्रॅम कार्बन. 420 भागिले 12, म्हणजे 35 मोल कार्बनचे अणू. लोह उरलं 59,580 ग्रॅम; भागिले 56, म्हणजे सुमारे 1,064 मोल लोहाचे अणू. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. वजनानं पाहिलं तर लोह कार्बनच्या जवळजवळ 142 पट आहे. अणूंच्या संख्येनं पाहिलं तर फक्त 30 पट. म्हणजे लोहाच्या दर तीस अणूंमागे कार्बनचा एक अणू आहे. ‘0.7 टक्के’ म्हटलं की वाटतं, नगण्य. पण कार्बनचा अणू हलका आहे, म्हणून थोड्या वजनात पुष्कळ अणू येतात, आणि पोलादाला कठीणपणा आणणारं काम अणू करतात. शुद्ध लोह मऊ असतं. एवढा कार्बन मिसळला की त्याच धातूवरून मालगाड्या वर्षानुवर्षं धावतात.

मोलचा खरा उपयोग इथे कळतो. वजनं आपल्याला तराजू सांगतो, पण अणू एकमेकांशी संख्येनं वागतात. तराजूची भाषा अणूंच्या भाषेत आणण्यासाठी मोल लागतो. हे एकदा मनात बसलं की रूपांतर करायचंच कशाला, असा प्रश्न मुलं विचारत नाहीत.

संयुगाकडे आलं की आणखी एक पायरी वाढते. भिलाईचं लोहखनिज दल्ली राजहरा इथल्या खाणींतून येतं. त्यातलं मुख्य खनिज हेमटाइट, म्हणजे लोहाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. एका मोलचं वस्तुमान: 2 × 56 आणि 3 × 16, मिळून 160 ग्रॅम. प्रश्न समजा असा आहे: 40 ग्रॅम शुद्ध हेमटाइटमध्ये लोहाचे अणू किती?

40 ग्रॅम हेमटाइट ÷ 160 = 0.25 मोल हेमटाइट

0.25 मोल हेमटाइट × 2 = 0.5 मोल लोहाचे अणू

0.5 × 6.022 × 10²³ = 3.011 × 10²³ लोहाचे अणू

मधली ओळ गाळू नका. परीक्षेतले गुण बहुधा तिथेच अडकलेले असतात. सूत्रातला खालचा बारीक आकडा एका रेणूतल्या अणूंना जसा लागू होतो तसाच एका मोलमधल्या मोलनाही लागू होतो: एक मोल हेमटाइटमागे दोन मोल लोह, तीन मोल ऑक्सिजन. पडताळा घ्यायचा असेल तर दोन्हींची वजनं काढा. 0.5 मोल लोह म्हणजे 28 ग्रॅम, 0.75 मोल ऑक्सिजनचे अणू म्हणजे 12 ग्रॅम, बेरीज 40. जुळलं. ही बेरीज करायला दहा सेकंद लागतात आणि ती जवळपास प्रत्येक चूक उघडी पाडते.

हेच गणित टनांतही चालतं. 160 किलो हेमटाइटमधून 112 किलो लोह, 160 टनांतून 112 टन. टक्केवारी काढली तर 70. म्हणून हेमटाइटच्या खनिजात लोह 70 टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. एखाद्या खनिजात लोह 63 टक्के आहे असं समजलं, तर 63 भागिले 70 करून सांगता येतं की त्यात हेमटाइट 90 टक्के आहे आणि उरलेली माती, वाळू वगैरे.

झोतभट्टीत हेमटाइटचा एक मोल कार्बन मोनॉक्साइडच्या तीन मोलशी अभिक्रिया करून दोन मोल लोह आणि तीन मोल कार्बन डायऑक्साइड देतो. ग्रॅममध्ये: 160 आणि 84 मिळून 244; तिकडे 112 आणि 132 मिळून 244. या ओळीकडे जरा थांबून बघा. 112 टन लोह मिळवताना फक्त या एका अभिक्रियेतून 132 टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टी तापवण्याचा हिशेब वेगळाच. पोलाद उद्योगापुढे हवामानबदलाचा प्रश्न इतका अवघड का आहे, ते अकरावीच्या मुलाला अशा चार ओळींत समजू शकतं. चांगली यंत्रं आणून हा आकडा थोडा खाली आणता येईल, पण खनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायला कार्बनच वापरायचा असेल तर तो शून्य होणार नाही. त्या जागी हायड्रोजन वापरायचे प्रयत्न जगात चालू आहेत ते याचसाठी. तिथे तीन मोल हायड्रोजन लागतो आणि तीन मोल पाणी बाहेर पडतं.

झोतभट्टीत टाकायच्या चुनखडीचंही तसंच. ती भिलाईजवळच्या नंदिनीच्या खाणीतून येत आली आहे. 100 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की 56 ग्रॅम चुना आणि 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. हा 56 ग्रॅम चुना खनिजातल्या 60 ग्रॅम सिलिकाशी, म्हणजे वाळूशी, संयोग पावून 116 ग्रॅम धातुमळी बनवतो. म्हणजे 60 किलो वाळू भट्टीतून बाहेर काढायची तर 100 किलो चुनखडी टाकावी लागेल. तुमचे वडील किंवा आजोबा झोतभट्टीच्या विभागात असतील तर त्यांना विचारा. प्रत्यक्षात चुनखडीबरोबर डोलोमाइटही पडतं आणि प्रमाणं आणखी गुंतागुंतीची असतात, पण मूळ हिशेब हाच.

मराठी घरांसाठी एक सूचना, आणि ती भिलाईत फार गरजेची आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात इथल्या कारखान्याचा करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला. तेव्हा हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. विदर्भातून नोकरीसाठी मराठी माणसं इकडे आली, ती इथलीच झाली. आता घरात आईचं शिक्षण नागपूर-भंडाऱ्याकडे मराठीतून झालेलं आणि मुलगा इथे हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात, असं चित्र असतं. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीच्या पुस्तकात ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु. ‘18 ग्रॅम पाण्यात अणू किती?’ असा प्रश्न आईनं विचारला आणि मुलानं तो हिंदीतून ऐकला, तर तो 6.022 × 10²³ सांगेल. आईचं उत्तर त्याच्या तिप्पट असेल, सुमारे 1.8 × 10²⁴, कारण पाण्याच्या रेणूत तीन अणू असतात. आपापल्या भाषेत दोघंही बरोबर आहेत. वाद घालण्यापेक्षा घरात अभ्यास घेताना ॲटम आणि मॉलिक्यूल हेच शब्द वापरा, किंवा वहीत ‘पाण्याचे रेणू’, ‘हायड्रोजनचे अणू’ असं नावासकट लिहा आणि मुलाला हिंदी शब्द शेजारी लिहू द्या.

सरावासाठी गाइड विकत आणण्याआधी औषधाच्या दुकानातून ओआरएसच्या पुडीचं एक पाकीट आणा. टेट्रापॅकमधली गोड पेयं आणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असं छापलेली, एक लिटर पाण्यात विरघळवायची पूड आणा. या सूत्रात एका लिटरसाठी सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम, सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम आणि ग्लुकोज 13.5 ग्रॅम असतं. त्याच द्रावणाचं दुसरं वर्णन मिलिमोलमध्ये केलेलं असतं: सोडियम 75, क्लोराइड 65, ग्लुकोज 75, पोटॅशियम 20, सायट्रेट 10. एकाच पुडीचे हे दोन हिशेब. पहिल्यावरून दुसरा काढून दाखवणं हा तुमचा अभ्यास. मिलिमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग, घाबरण्यासारखं काही नाही.

ग्लुकोजपासून सुरू करा. 13.5 भागिले 180, म्हणजे 0.075 मोल, म्हणजे 75 मिलिमोल. जुळलं. पोटॅशियम क्लोराइड: 1.5 भागिले 74.5, म्हणजे 20 मिलिमोल. जुळलं. आता सोडियम, आणि इथे मजा आहे. सोडियम दोन ठिकाणांहून येतं. मिठातून 2.6 भागिले 58.5, म्हणजे 44.4 मिलिमोल. सायट्रेटच्या एका मोलचं वस्तुमान 258 धरलंत तर उत्तर चुकेल; पाकिटावर नीट वाचा, ‘डायहायड्रेट’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे स्फटिकात पाण्याचे दोन रेणू आहेत, त्यांचे 36 मिळवून 294. 2.9 भागिले 294, म्हणजे सुमारे 9.9 मिलिमोल सायट्रेट. प्रत्येक सायट्रेटमागे सोडियमचे तीन आयन, म्हणून 29.6 मिलिमोल सोडियम. दोन्हींची बेरीज 74. पाकिटावर 75 आहे, कारण ग्रॅमचे आकडे एका दशांशापर्यंत छापलेले आहेत. क्लोराइड तुम्ही स्वतः काढा. मिठातलं आणि पोटॅशियम क्लोराइडमधलं मिळून 65 च्या अगदी जवळ येतं.

मग मुलांना एवढंच विचारा: या पुडीत ग्लुकोज 13.5 ग्रॅम आणि मीठ 2.6 ग्रॅम, हे प्रमाण कुठून आलं? ग्रॅममध्ये पाहून काहीच उलगडत नाही. मिलिमोलमध्ये पाहिलं की सोडियम 75 आणि ग्लुकोज 75, समसमान. आतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहक प्रथिनाच्या मदतीनं बरोबर आत घेतले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. अतिसारात शरीर कोरडं पडत असताना हाच मार्ग जीव वाचवतो. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हे तोंडानं द्यायचं पाणी मोठ्या प्रमाणावर वापरलं. त्यांच्या मिश्रणात लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा होता. ते ग्लुकोज बाजारात मिळणारं, एका रेणूमागे पाण्याचा एक रेणू असलेलं. म्हणून भागायचं 180 नं नाही, 198 नं: 111 मिलिमोल. सोडियमसाठी मिठातून सुमारे 60 आणि सोड्यातून सुमारे 30, एकूण 90 मिलिमोल. जागतिक आरोग्य संघटनेनं पुढे बरीच वर्षं स्वीकारलेल्या जुन्या सूत्रात हेच आकडे होते, 90 आणि 111. त्यात पाणीविरहित ग्लुकोज 20 ग्रॅम असे. 20 ग्रॅम आणि 22 ग्रॅम हे दोन वेगळे आकडे एकाच संख्येचे रेणू कसे देतात, ते आता तुम्ही सांगू शकता. 75-75 चं सध्याचं सूत्र 2002 मधलं आहे. स्फटिकातलं पाणी विसरल्यानं परीक्षेत दोन गुण जातात. औषधात विसरलं तर मात्रा चुकते.

परीक्षेबद्दल थोडक्यात. नीट आणि जेईई या दोन्ही परीक्षांत कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून आकडे आणि दहाचे घात वेगवेगळे हाताळायची सवय लावा. 6.022 चे सोपे भाग ओळखीचे करून ठेवा: 3.011 × 10²³ दिसलं की अर्धा मोल, 1.505 × 10²³ दिसलं की पाव मोल, 1.2044 × 10²⁴ दिसलं की दोन मोल. प्रश्न काढणारे बहुतेक वेळा हेच आकडे देतात. ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन, क्लोरीन या वायूंचे रेणू दोन अणूंचे. फॉस्फरसचा चार अणूंचा, गंधकाचा आठ अणूंचा. ‘एक मोल ऑक्सिजन’ असं मोघम लिहिलेलं असेल तर रसायनशास्त्रात वायूचे रेणूच समजतात, 32 ग्रॅम. आणि 22.4 लिटर हा आकडा फक्त वायूंसाठी, तोही शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबासाठी आहे. एक बार दाब दिला असेल तर 22.7. पाण्याच्या किंवा मिठाच्या गणितात 22.4 घुसवणारे दर वर्षी भेटतात.

पालकांनो, रसायनशास्त्र तुम्हाला येत नसलं तरी तुम्ही मदत करू शकता. वही उघडा आणि प्रत्येक ओळीतल्या आकड्यावर बोट ठेवून विचारा: हे कशाचे? ग्रॅम, मोल की नग? कोणत्या पदार्थाचे? मुलाला लगेच सांगता आलं तर त्याला धडा समजला आहे. तो अडखळला तर तिथेच त्याची अडचण आहे, पुढची पाच पानं सोडवून ती जाणार नाही.

एक शेवटचं गणित, याच गावच्या मालाचं. कोक भट्ट्यांतून निघणाऱ्या अमोनियापासून अमोनियम सल्फेट खत तयार होतं. त्याच्या सूत्रात नायट्रोजनचे 2, हायड्रोजनचे 8, गंधकाचा 1 आणि ऑक्सिजनचे 4 अणू. 66 ग्रॅम शुद्ध अमोनियम सल्फेटमध्ये नायट्रोजन किती ग्रॅम आणि हायड्रोजनचे अणू किती, ते काढा. एका मोलला 132 ग्रॅम, म्हणून 66 ग्रॅम म्हणजे अर्धा मोल. नायट्रोजनचे अणू एक मोल, म्हणजे 14 ग्रॅम. हायड्रोजनचे अणू चार मोल, सुमारे 2.4 × 10²⁴. शुद्ध पदार्थात नायट्रोजन 21.2 टक्के येतो. खताच्या पोत्यावर तो साडेवीस टक्क्यांच्या आसपास छापलेला असतो, कारण पोत्यातला माल शंभर टक्के शुद्ध नसतो. हे गणित पुस्तक मिटून, प्रत्येक आकड्यापुढे पदार्थाचं नाव लिहून सोडवा. जमलं तर बिनधास्त पुढच्या धड्याकडे वळा. अडलं तर उद्याच शिक्षकांना विचारा, सहामाहीपर्यंत ठेवू नका. या धड्यावर पुढची दोन वर्षं उभी आहेत.